मशीन चालू आहे, पण खेळ चालू आहे का? एका पिनबॉलने मला शिकवलेला मेंटेनन्स



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी माझ्या पिनबॉल मशीनचा विषय काढला आणि अर्धवटच सोडला. आज तो पूर्ण सांगतो. गोष्ट खेळाची असली तरी तुमच्या दुकानात झेरॉक्स असो, वजनकाटा असो, गिरणी असो की कॉफी मशीन, ती तुम्हाला लागू आहे. आणि हो, यात चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पुण्यात माझं गिफ्ट आणि खेळण्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मागची खोली रिकामी झाली, तेव्हा तिथे छोटा गेम कॉर्नर काढायचं ठरवलं. दोन कॅरम, एक एअर हॉकी आणि बंद पडलेल्या एका गेम झोनमधून आणलेलं सेकंडहँड पिनबॉल. मॉलमधल्या मोठ्या गेम झोनमध्येसुद्धा पिनबॉल क्वचितच दिसतं, म्हणून आपल्याकडे गर्दी होईल असा हिशोब. आणि झालीही. एक गेम तीस रुपये, शनिवार-रविवार मिळून चाळीसेक गेम व्हायचे. खोलीचं भाडं त्यातून निघायचं.

पावसाळा संपेपर्यंत तेच गेम नऊवर आले.

मशीन बंद पडलं होतं का? अजिबात नाही. दिवे लागत होते, आवाज येत होता, नाणं टाकलं की बॉल बाहेर येत होता. म्हणून मी कारणं भलतीकडेच शोधत बसलो. पाऊस आहे, परीक्षा आहेत, मुलं मोबाइलवर खेळतात.

खरं कारण मला एका बारा वर्षांच्या मुलाने आधीच सांगितलं होतं. दर शनिवारी तो आजोबांबरोबर यायचा. एकदा खेळून झाल्यावर म्हणाला, "काका, याचा उजवा हात दुखतोय." मी हसलो, त्याला एक चॉकलेट दिलं आणि विसरलो. त्यानंतर दोन शनिवार तो आला, मग यायचा बंद झाला.

उजवा हात म्हणजे काय?

लहानपणी खिळे ठोकलेल्या लाकडी बोर्डवर गोळी सोडायचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. बगाटेल. पिनबॉल हा त्याचाच मोठा भाऊ. फरक एवढाच, की बगाटेलमध्ये गोळी सोडली की आपलं काम संपलं. पिनबॉलमध्ये खाली दोन फ्लिपर असतात, त्यांनी बॉल परत वर मारता येतो. हे फ्लिपर १९४७ मध्ये शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनमध्ये आले आणि नशिबाच्या खेळात हाताचं कौशल्य आलं.

आता फ्लिपर चालतो कसा? खाली तांब्याच्या तारेची कॉइल असते. बटण दाबलं की करंट जातो, कॉइल लोखंडी दांडा आत ओढते आणि फ्लिपर उडतो. माझ्यासारख्या जुन्या मशीनमध्ये कॉइलची दोन वेटोळी असतात. एक जोरदार फटक्यासाठी, दुसरं फ्लिपर नुसता वर धरून ठेवण्यासाठी. फ्लिपर वर पोहोचला की एक छोटा स्विच उघडतो आणि जोरदार वेटोळं बंद करतो. त्या स्विचचे पॉइंट काळे पडले की करंट पुरेसा पोहोचत नाही, फटका दुबळा होतो. स्विच उघडलाच नाही तर कॉइल तापून जळू शकते. शिवाय हजारो वेळा आपटून दांड्याचं टोक चपटं होतं आणि तो नळीत घासायला लागतो.

माझ्या मशीनमध्ये या दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. बॉल डावीकडच्या चढावर अर्ध्यापर्यंत जायचा आणि मागे यायचा. मुलाचा नेम बरोबर होता, मशीन त्याला साथ देत नव्हतं. त्याचे तीस रुपये गेले आणि वर त्याला वाटलं असेल, की आपल्यालाच खेळता येत नाही.

बिघाड दिसत नाही, जाणवतो

मग मी बसलो आणि एकेक गोष्ट तपासली. प्रत्येक ठिकाणी खेळणाऱ्याला काय वाटतं, ते बघा.

उतार: पिनबॉलचा पाट मागून पुढे साधारण साडेसहा अंश उतरता लागतो. उतार कमी झाला की बॉल तरंगल्यासारखा रेंगाळतो, खेळ कंटाळवाणा होतो. आणि डावी-उजवी बाजू समतल नसेल तर बॉल सारखा एकाच बाजूने बाहेर जातो. खेळणारा म्हणतो, मशीन लबाड आहे. माझं मशीन उजवीकडे कललेलं होतं, कारण फरशीच तशी. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली स्पिरिट लेव्हल आणि पायांचे स्क्रू, वीस मिनिटांचं काम.

रबर: सगळ्या कडांना रबराच्या रिंगा असतात. त्या कडक झाल्या, तडकल्या की बॉलची उसळी मरते. कॅरमची कड मेलेली असली की स्ट्रायकर परत येत नाही, अगदी तसंच.

धूळ आणि बॉल: बॉल स्टीलचा, सुमारे २७ मिलिमीटरचा आणि ८० ग्रॅमचा. त्यावर चरे पडले की तो पॉलिश पेपरसारखा पाट घासत सुटतो. त्यात रबराची काळी भुकटी मिसळते. बोरिक पावडर न टाकता कॅरम खेळून बघा, पाट पुसून मेण न लावलेलं पिनबॉल कसं लागतं ते कळेल.

टार्गेट आणि दिवे: बॉल बरोबर लागला आणि पॉइंट मिळाले नाहीत, की माणूस चिडतो. आता कुठे मारायचं ते दाखवणारा दिवाच गेला असेल, तर त्याला खेळाचा अर्थच कळत नाही.

टिल्ट: मशीन जोरात हलवलं तर गेम बंद करणारा एक लोंबता लोलक आत असतो. तो फार नाजूक ठेवला तर साध्या धक्क्याला गेम जातो. फार सैल ठेवला तर दांडगाई करणारा जिंकतो आणि नीट खेळणारा वैतागतो.

न्यूयॉर्कचा एक किस्सा

न्यूयॉर्कमध्ये १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती. हा जुगार आहे, नशिबाचा खेळ आहे, असं सरकारी मत. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणाला नगरपरिषदेच्या समितीपुढे खेळून दाखवायला बोलावलं. दोन मशीन आणली होती, एक मुख्य आणि एक राखीव. एका सदस्याला शंका आली, तो म्हणाला राखीव मशीनवर खेळ. शार्पने त्यावर खेळून दाखवलं. स्प्रिंगचा दांडा ओढताना बॉल कुठल्या वाटेने जाईल ते आधी सांगितलं आणि बॉल तिथूनच गेला. बंदी उठली.

मी हा किस्सा दुकानदाराच्या नजरेने वाचतो. ते राखीव मशीन कललेलं असतं किंवा त्याचे फ्लिपर दुबळे असते, तर? मशीन नीट असेल तरच कौशल्य दिसतं. बिघडलेलं मशीन कौशल्याच्या खेळाला परत नशिबाचा खेळ करून टाकतं. आणि नशिबाच्या खेळावर मुलाला दर शनिवारी कोण आजोबा पैसे देतील?

मी काय बदललं

दिवे, फ्यूज, सोल्डर तपकीर गल्लीत मिळाले. रबर आणि फ्लिपरचे पार्ट बाहेरून मागवले, त्याला वेळ लागला. तोपर्यंत मशीनवर स्पष्ट पाटी लावली: "दुरुस्ती चालू आहे, पैसे टाकू नका." बायको म्हणाली, बंद मशीन बघून लोक काय म्हणतील? पण पाटी लावल्यावर उलट लोक विचारायला लागले, कधी सुरू होणार म्हणून.

मग वेळापत्रक केलं:

- रोज: दुकान उघडल्यावर काच पुसायची आणि स्वतः एक पूर्ण गेम खेळायचा. दोन्ही फ्लिपर, प्रत्येक टार्गेट.
- आठवड्याला: प्लग काढून, काच उतरवून पाट पुसायचा, बॉल बघायचा, लेव्हल लावायची.
- महिन्याला: मेण, दिवे, ढिले स्क्रू, रबर. पावसाळ्यात गंजही बघायचा.
- कायम: मशीनशेजारी दोरीला बांधलेली वही. खेळणाऱ्याने तक्रार लिहायची, मी काय केलं ते त्याखाली लिहायचं.

दिवाळीच्या सुट्टीत गेम परत तिशीच्या पुढे गेले. तो मुलगा मात्र परत आला नाही. वहीचं पहिलं पान मी त्याच्या वाक्याने सुरू केलंय.

तुमच्या दुकानासाठी

मशीन पूर्ण बंद पडलं तर तुमचा एका दिवसाचा गल्ला जातो. मशीन अर्धवट चाललं तर गिऱ्हाईक जातं, आणि ते सांगून जात नाही. जात्याला टाकी लावायची वेळ टळून गेली तर गिरणी चालूच राहते, पण पीठ जाडं येतं. बाई भांडत नाहीत, पुढच्या वेळी दुसऱ्या गिरणीत जातात. झेरॉक्सवर काळी रेघ येते, विद्यार्थी काही बोलत नाही, पुढची दोनशे पानं शेजारच्या दुकानात काढतो.

आपण खंडेनवमीला मशीन धुतो, पुसतो, हार घालतो, हळदकुंकू वाहतो. चांगलीच गोष्ट आहे. त्यातलं पुसणं फक्त दर आठवड्याला करा.

आणि मशीन घेताना किंमतीबरोबर अजून तीन आकडे लिहा: महिन्याला देखभालीचे तास, वर्षाला पार्टचा खर्च, आणि पार्ट यायला लागणारे दिवस. मी पहिला आकडा लिहिला आणि बाकीचे तीन विसरलो होतो.

आजचं काम: उद्या सकाळी दुकान उघडल्यावर तुमच्या मशीनवर तुम्हीच पहिलं गिऱ्हाईक व्हा. पैसे मोजून वापरा. आणि प्रामाणिकपणे सांगा, तुम्ही परत आला असतात का?

भेटूया पुढच्या व्हिडिओत.