विश्वस्तांचे काम : सभासदांसाठी थोडी माहिती



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळावरील दोन रिक्त जागा भरावयाच्या आहेत. गतवर्षीही हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. परंतु एकही नाव पुढे आले नाही. मोरा, करंजा व उरण परिसरातील अनेक सुजाण मंडळींना विचारले असता, "आम्हाला त्यातले काय कळते?" असेच उत्तर मिळाले. म्हणून या पदाचे स्वरूप येथे थोडक्यात मांडीत आहे.

विश्वस्ताचे काम विनावेतन असते. न्यासाची मालमत्ता त्याच्या स्वाधीन असली तरी ती त्याची नसते. रुग्णांच्या हितासाठी ती त्याने सांभाळावयाची असते. त्याचे नियम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये दिलेले आहेत. दरवर्षी हिशेब पूर्ण करून त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. न्यासाची जमीन वा इमारत विकण्यास (कलम ३६) आणि न्यासासाठी कर्ज काढण्यास (कलम ३६-अ) धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांमध्ये बदल झाल्यास ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो (कलम २२).

या शेवटच्या नियमाचा अनुभव आपण घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ विश्वस्त निवर्तले आणि बदल अर्ज वेळेत गेला नाही. नव्या सहीला बँकेची मान्यता मिळेपर्यंत औषध पुरवठादारांची देयके अडकून राहिली. चूक प्रशासनाची, म्हणजे माझीच होती. मात्र मासिक सभेत कोणीही "अर्ज गेला का?" एवढे विचारले असते तरी ती टळली असती. असा प्रश्न विचारण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

दुसरी जबाबदारी कलम ४१-अअ अन्वये येते. मा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्याकरिता इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. लहान गावात प्रत्येक विश्वस्ताच्या दारी ओळखीचे लोक येतात. त्यांना समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवावे. कागदपत्रे पाहून तेथेच निर्णय व्हावा. विश्वस्ताच्या चिठ्ठीवर खाट मिळू लागली, तर चिठ्ठी न आणणारा गरीब मागे राहतो. त्याचप्रमाणे आप्ताच्या दुकानातून खरेदीचा विषय निघाल्यास संबंधित विश्वस्ताने ते नाते सांगून निर्णयापासून दूर राहावे.

याउलट, स्थानिक विश्वस्तालाच ठाऊक असणाऱ्या कित्येक गोष्टी असतात. ओहोटीच्या वेळी गाळामुळे मोरा धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच खोळंबते, हे बाहेरून आलेल्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी माहीत नसते. मासळी विकून परतणाऱ्या भगिनींना सकाळचा बाह्यरुग्ण विभाग सोयीचा नाही, हे कोळीवाड्यातील एका विश्वस्त भगिनींनी सभेत सांगितले, तेव्हाच दुपारची वेळ सुरू झाली. हिशेबाच्या कोणत्याही तक्त्यात ही गरज दिसली नसती.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणपर्यंत लोकलही आली. मुंबईची मोठी रुग्णालये जवळ आली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तथापि मधुमेहाची नियमित तपासणी, बाळंतपणापूर्वीची देखभाल, रात्रीचा ताप यांसाठी गावातले रुग्णालयच उपयोगी पडते आणि ते चालविण्यास गावातलीच माणसे लागतात.

महिन्यातून एक सभा, सभेपूर्वी कागद वाचण्यास एक संध्याकाळ आणि न समजलेले विचारण्याची तयारी, एवढीच अपेक्षा आहे. इच्छुकांनी आपली नावे सभेपूर्वी कार्यालयात द्यावीत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
प्रशासक