सहलीत नसलेलं बंदर

मार्च २०१९. ध्रुवीय प्रकाश पाहायला निघालेलं ‘वायकिंग स्काय’ हे जहाज नॉर्वेतली आल्टा, ट्रॉम्सो ही बंदरं करून दक्षिणेकडे वळलं. वाटेत बोडो होतं. पण हवामान बिघडलं आणि तो मुक्काम रद्द झाला. प्रवासी हिरमुसले असतील, पण खरी परीक्षा पुढेच होती. २३ मार्चला हुस्टाडविका या खडकाळ किनाऱ्यापाशी ऐन वादळात इंजिनं बंद पडली. कारण काय, तर वंगणतेलाची पातळी कमी! नांगर टाकूनही जहाज खडकांकडे सरकत राहिलं. वेळेवर एक इंजिन सुरू झालं, म्हणून निभावलं. १,३७३ जणांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरांनी दोराने वर ओढून घेतलं. सारी रात्र त्यातच सरली. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना घेऊन जहाज मोल्डेला लागलं. हे नाव सहलीच्या कार्यक्रमात नव्हतंच.