तेलाच्या धारेवर चालणारी मोटार



पस्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना धडे दिले. पण एका आश्विनांत एका यंत्रानें मलाच धडा दिला. आमच्या देऊळगाव राजास श्रीबालाजीची यात्रा भरली होती. यात्रेसाठीं आलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, गाडी जरा पुढें घ्या." गाडी ऑटोमॅटिक, मला संवय साध्या गाडीची. इंजिन चालू करून दांडा 'डी' या खुणेवर आणला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. अॅक्सिलरेटरला स्पर्शही केला नव्हता, तरी गाडी आपोआप रांगूं लागली! चार पावलांवर शेजारचें पोर खेळत होतें. ब्रेक दाबला, गाडी थांबली. विपरीत कांहीं घडलें नाहीं. परंतु त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

गाडी बिघडली होती काय? मुळींच नाहीं. रांगणें हा तिच्यांतील टॉर्क कन्व्हर्टरचा स्वभावच होय. तो आज समजून घेऊं.

टॉर्क म्हणजे फिरविण्याचा जोर. साध्या गाडींत इंजिन व गिअर यांच्यामध्यें क्लच असतो. गाडी थांबवितांना तो दाबून इंजिनाचा चाकांशीं संबंध तोडावा लागतो. नाहीं तर इंजिन बंद पडतें. कन्व्हर्टरच्या गाडींत त्या जागीं तेलानें भरलेला एक बंद डबा असतो. समोरासमोर दोन टेबलपंखे ठेवून एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागेल. डब्यांत असेंच घडतें; फक्त वाऱ्याच्या जागीं तेल. इंजिनाला जोडलेलें पात्यांचें चाक म्हणजे पंप. तो तेल फेंकतो. गिअरपेटीला जोडलेलें चाक म्हणजे टर्बाइन. तें त्या धारेनें फिरतें. दोहोंमध्यें घट्ट सांधा नसल्यामुळें टर्बाइन ब्रेकनें अडविलें तरी इंजिन चालूच राहतें. पण धारेचा रेटा थांबत नाहीं. म्हणून ब्रेक सोडतांच गाडी रांगते.

एवढ्यानें जोर पोंचतो, वाढत नाहीं. वाढविण्याचें काम मधलें तिसरें चाक करतें. त्याचें नांव स्टेटर. टर्बाइनमधून परतणारें तेल पंपाच्या उलट दिशेनें येत असतें. झोका आपल्याकडे येत असतांना ढकलला तर श्रम वायां जातात. पुढें जात असतांना ढकलला तर थोड्या बळानें तो उंच जातो. स्टेटरचीं वांकडीं पातीं परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याला पंपाच्या सोबतीस लावतात. स्टेटर त्या वेळीं पेटीशीं जखडलेला असल्यामुळें तेलाला टेंकू मिळतो, आणि गाडी सुटतांना इंजिनाच्या जोराच्या सुमारें दुप्पट जोर टर्बाइनला लाभतो. पुढें दोन्ही चाकांची गति जवळ जवळ सारखी झाली कीं स्टेटरही मोकळा फिरूं लागतो आणि वाढ थांबते.

ही युक्ति जर्मन अभियंते हरमान फॉटिंगर यांची. जहाजांतील वाफेचें टर्बाइन वेगानें फिरतें, पण पाणी कापणारा पंखा मंद फिरावा लागतो. हा मेळ घालण्यासाठीं त्यांनीं 1905 सालीं तिचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत ब्यूकनें 1948 च्या 'डायनाफ्लो' गाड्यांत ती आणली. आपल्याकडे मनमोहन सुरी यांनीं रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठीं तेलाच्या आधारानें चालणारी आपली स्वतंत्र रचना सिद्ध केली.

पण दुप्पट जोर फुकट मिळत नाहीं. जोर वाढतो तेव्हां गति घटते, आणि उरलेली शक्ति तेल घुसळण्यांत जाऊन उष्णता होते. बुलढाण्याजवळच्या राजूर घाटांत गर्दीनें थांबावें लागलें आणि ब्रेकऐवजीं अॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरली, तर चाकें स्थिर असल्यामुळें इंजिनाचें सारें श्रम तेल तापविण्यांत खर्च होतात. तापलेलें तेल लवकर निकामी होतें आणि गिअरपेटीचें आयुष्य घटतें. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या पेट्रोल अधिक पीत, त्याचें एक मोठें कारण हीच घसर. तिच्यावर उपाय म्हणून पॅकार्ड कंपनीनें 1949 सालीं कन्व्हर्टरमध्यें कुलुपासारखा क्लच बसविला. वेग स्थिर झाला कीं तो पंप व टर्बाइन एकत्र जखडतो. सिंदखेड राजाजवळून जाणाऱ्या समृद्धि महामार्गावर एकसारख्या वेगानें जातांना आजची गाडी बहुतेक वेळ अशीच कुलूपबंद धांवते. म्हणून पूर्वीचा तोटा आतां बराच कमी झाला आहे.

एक सावधगिरी सांगतों. ऑटोमॅटिक म्हटलेल्या प्रत्येक गाडींत कन्व्हर्टर नसतो. कांहींत साधाच क्लच यंत्र दाबतें, कांहींत पट्टा असतो. गाडी घेण्यापूर्वीं तें विचारावें. कन्व्हर्टर असल्यास तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या: चढावर थांबतांना ब्रेकच वापरावा, लांब उतारावर खालचा गिअर निवडावा, आणि दांडा 'पी' वर नेऊन हातब्रेक लावल्याशिवाय ब्रेकवरचा पाय काढूं नये.

गुडघा दुखणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला क्लचपासून सुटका हें वरदानच आहे. मात्र डाव्या पायाचे श्रम वांचले, तरी उजव्या पायाची जबाबदारी वाढली, हें त्या पोरानें मला शिकविलें.