पायताण मापाचे, तर काम सुखाचे

मुळशी तालुक्यात पावसाळा म्हणजे चार महिने पाय ओले. ताम्हिणीकडच्या गावांत तर पाऊस उसंतच देत नाही. भाताची लावणी करणाऱ्या बाया, पिरंगुटच्या कारखान्यात सायकलवर जाणारे कामगार, हिंजवडीला साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या भगिनी, सायकलने शाळा गाठणाऱ्या मुली, सगळ्यांचा दिवस पायांच्या जिवावर चालतो. पण घरखर्चाच्या यादीत चपला-बूट शेवटी येतात. मग मिळेल ते माप आपण पायात घालतो. त्यातून टाच चावते, बोटाला कुरूप होते, जखम चिघळते आणि रोज बुडतो. म्हणून या वेळी पायताणाविषयी बोलू.

माप कसे घ्यावे?

बूट संध्याकाळी खरेदी करावेत. दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. घरीच कागदावर उभे राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिलने रेघ मारा. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, त्याचेच माप धरा. दुकानात त्या कागदावर बूट ठेवा. रेघ बाहेर दिसली, तर तो बूट आपल्याला अरुंद आहे. नुसत्या नंबरावर जाऊ नका, कारण प्रत्येक कंपनीचा नंबर थोडा वेगळा बसतो.

मोजे घालून, दोन्ही बूट चढवून, उभे राहून चाला. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटे आत हलली पाहिजेत, टाच मात्र वर सरकता कामा नये. "वापरून सैल होईल" यावर विसंबू नका. दुकानात टोचणारा बूट रस्त्यावर जास्तच टोचतो.

सायकल चालवताना

पॅडल चवड्याने, म्हणजे बोटांमागच्या रुंद भागाने दाबावे. तळ फार मऊ असेल तर पॅडल तळव्याला रुततो आणि पायाला मुंग्या येतात. बूट हातात धरून वाकवून पाहा. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. तळाला खाचा हव्यात, नाहीतर ओल्या पॅडलवरून पाय घसरतो. अंगठ्याची स्लिपर घालून सायकल चालवणे धोक्याचे. बूट परवडत नसतील तर टाचेमागे पट्टा असलेली सँडल घ्या. नाडीची टोके आत खोचा, चेनमध्ये अडकली तर थेट रस्त्यावर पडाल. पॅडलला अडकणारे खास महागडे बूट रोजच्या कामाला लागत नाहीत.

डोंगर आणि खाचर

कोरीगड, घनगड चढायला मुले जातात. उतरताना पाय पुढे सरकून बोटे आपटतात आणि नखे काळी पडतात. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी नीट आवळावी. नवे बूट आधी काही दिवस घरी, गावात वापरावेत.

खाचरात शक्यतो गमबूट घाला. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. ओल्या मातीत अनवाणी चालल्याने अंकुशकृमी नावाचे जंत कातडीतून आत जातात आणि अंगातले रक्त कमी करतात. बाहेर ठेवलेला बूट घालण्याआधी उलटा करून झटका. आत विंचू किंवा साप असू शकतो.

ओले बूट, चिखल्या

भिजलेल्या बुटात जुने वर्तमानपत्र कोंबून ते वाऱ्यावर वाळवा. चुलीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो, चामडे तडकते. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी पुसा. ओले मोजे दुसऱ्या दिवशी घालू नका. चिखल्या औषध लावूनही दोन आठवड्यांत बऱ्या झाल्या नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा.

मुले आणि मधुमेही

मुलांचे पाय झपाट्याने वाढतात, म्हणून दर ३ महिन्यांनी बुटात बोटापुढची जागा तपासा. "वाढत्या मापाचे" म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर मूल अडखळते. मोठ्या भावाचे बूट धाकट्याला देताना तळ बघा, एका बाजूने झिजला असेल तर देऊ नका.

मधुमेह असलेल्यांनी सर्वांत जास्त जपावे. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. बुटातला खडा, टोचलेला खिळाही कळत नाही. अशी लहान जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून त्यांनी घरातही अनवाणी फिरू नये. बूट घालण्याआधी आत हात फिरवावा. रोज रात्री तळवे पाहावेत, दिसत नसतील तर आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. कुरूप ब्लेडने कापू नये. फोड, पू किंवा काळेपणा दिसताच त्याच दिवशी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जावे.

वर्षभरात तीन स्वस्त जोड फाडण्यापेक्षा मापाचा एक टिकाऊ जोड परवडतो. शिवण उसवली की लगेच शिवून घ्या. विहाराच्या पायरीवर चपला काढताना आपल्या जोडाचा तळ उलटून पाहा. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील, तर पहिला पाऊस पडण्याआधीच तो बदला.