छावणीच्या काँक्रीटवर धावलेल्या गाड्या

भिंगारच्या माणसाला यंत्राच्या आवाजाचे अप्रूप नाही. आर्मर्ड कोअरचे केंद्र इथले, वाहननगरला व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेचे चाचणी-रस्ते आणि जवळच रणगाडा संग्रहालय. तरीही अमेरिकेतल्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतींवर लेख म्हटले की कुणीही विचारील, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो लष्कराच्या वाटेने जातो.

त्याआधी एक राजेशाही धागा. ज्यांच्या नावाने आपला जिल्हा आता ओळखला जातो त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या. त्यांच्या होळकर गादीवरचे यशवंतराव दुसरे यांनी तिसाच्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली. सुपरचार्जर लावलेले ६.९ लिटरचे इंजिन, ३२० अश्वशक्ती, आणि अंगावर लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेली केशरी-काळी बॉडी. याच कंपनीच्या गाडीने १९२१ मध्ये ल माँ येथे फ्रेंच ग्राँ प्री जिंकली होती. १९३७ साली कंपनी बुडाली. इतकी उत्तम गाडी बनवणाऱ्यांना हिशेब जमू नये, हेही नेहमीचेच.

महायुद्धानंतर मात्र अमेरिकेत चित्र पालटले. तिथे शर्यत म्हणजे बहुतेक अंडाकृती मैदानावर गोल फिरणे; वळणावळणाच्या रस्त्यावरची युरोपीय शर्यत हौशी लोकांनी नव्याने आणली. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका १९४४ चा. २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावात कॅमेरॉन अर्गेट्सिंगर या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने पहिली शर्यत झाली. १०.६ किलोमीटरचा फेरा गावातून, दगडी पुलावरून आणि थेट रेल्वेरुळांवरून जायचा. बक्षीस चषकाचे, पैसे घेणे क्लबला मंजूर नव्हते. त्या काळाचे शौकीन सांगतात त्यात हेच रंगून येते: ज्या गाडीतून घरून यायचे तीच पळवायची, दिव्यांना चिकटपट्टी लावायची, संध्याकाळी पट्टी सोलून तीच घेऊन परत जायचे.

या आठवणी ऐकताना मी थोडा सावध असतो, कारण गवताच्या पेंढ्यांमागे उभी राहणारी गर्दी त्यांत फार गोड दिसते. १९५२ मध्ये त्याच गावात गाडी प्रेक्षकांत घुसली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींवर गदा आली. आपल्याकडे बैलगाडा शर्यत २०१४ ला बंद झाली तेव्हा गावोगावच्या शौकिनांची जी अवस्था झाली, तशीच तिथल्यांची झाली असणार. फरक इतकाच, की त्यांना तारणहार लवकर भेटला, आणि तो चक्क बॉम्बफेक करणारा सेनापती होता.

जनरल कर्टिस लमे. १९४४ मध्ये आपल्या खरगपूरच्या तळावरून बी-२९ विमानांचे दल चालवणारा, पुढच्या वर्षी टोकियो जाळणारा. पन्नासच्या दशकात तो स्ट्रॅटेजिक एअर कमांडचा प्रमुख होता आणि स्वतः अलार्ड ही स्पोर्ट्स कार बाळगून होता. १९५२ च्या शरदात जॉर्जियातल्या टर्नर तळावर त्याने शर्यत भरवू दिली. मग एकेक तळ उघडत गेला. तिकिटांचे पैसे जवानांच्या राहण्याच्या सोयींसाठी. अण्वस्त्रे वाहणारी विमाने बाजूला आणि धावपट्टीवर जॅग्वार, फेरारी, कनिंगहॅम! १९५४ मध्ये राजकारण्यांनी कुरकुर केल्यावर ते थांबले. पण तोवर शौकिनांना श्वास घेता आला होता. १९५५ मध्ये रोड अमेरिकासारखी स्वतःची बंदिस्त वाट तयार झाली.

फ्लोरिडातले सेब्रिंगही असेच. बी-१७ चे वैमानिक घडवणारा तळ. १९५० च्या शेवटच्या दिवशी तिथली पहिली शर्यत झाली, आणि इंजिनाच्या आकाराचा हिशेब धरून ती जिंकली क्रॉस्ली हॉटशॉटने. ही ७२४ सीसीची खेळण्याएवढी गाडी एक प्रेक्षक शर्यत बघायला चालवत आला होता! त्याच तळाच्या काँक्रीटचे सांधे आजही तिथे चाकांना हादरे देतात. १९६५ च्या मुसळधार पावसात तिथे जिम हॉलची शॅपरल जिंकली. तिला क्लचचे पेडल नव्हते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली शर्यतीची गाडी पाहून जाणकार हसायचे. भिंगारकराने हसू नये. अमेरिकी चॅफी रणगाड्यात दोन कॅडिलॅक व्ही-८ इंजिने आणि तशीच हायड्रामॅटिक यंत्रणा १९४४ पासूनच होती, आणि १९७१ मध्ये गरीबपूरला आपल्या पीटी-७६ नी पाकिस्तानकडच्या याच रणगाड्यांशी झुंज घेतली होती.

कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या झाडांमधली शर्यत १९५६ मध्ये अर्नी मॅकाफी झाडावर आदळून मरण पावल्यावर बंद झाली. पुढच्याच वर्षी जवळच्या फोर्ट ऑर्ड या लष्करी जमिनीवर लगूना सेका उभे राहिले. १९७४ मध्ये स्टीव्ह अर्ल याने तिथेच जुन्या गाड्यांची ऐतिहासिक शर्यत सुरू केली. आठवणींना इंधन घालून पळवायची ही पद्धत मला स्मरणिका छापण्यापेक्षा प्रामाणिक वाटते. गाडी काचेत ठेवली की तिचा फक्त रंग उरतो.

आपल्याकडेही हाच क्रम. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर आणि मुंबईत जुहूच्या विमानतळावर गाड्या पळाल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ जोडल्या खऱ्या, पण त्या शेटजींच्या गाड्या. आयात बंद झाल्यावर शर्यतीला उरल्या फियाट, हेराल्ड आणि हातोडीने घडवलेल्या 'स्पेशल'. मद्रासच्या क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची वाट बांधली. महाराष्ट्रात, जिथे इतक्या गाड्या बनतात, तशी वाट बराच काळ झाली नाही. अमेरिकी थाटाची पाव मैलाची ड्रॅग शर्यत इथे भरली, तीही ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर.