बाराव्या रात्रीचं गणित

लग्नाला दोन वर्षं झाली, दोघांच्या तपासण्या नॉर्मल, तरी दिवस राहत नाहीत. धर्म काटेकोरपणे पाळणारं ज्यू जोडपं असं सांगत आलं, तर जाणता डॉक्टर आधी विचारतो, पाळी किती दिवसांनी येते?

ज्यू धर्मशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात. त्यानुसार पाळी आली की पती-पत्नींनी एकमेकांना स्पर्श करायचा नाही. आपल्याकडच्या ‘बाजूला बसण्या’सारखं मात्र हे नाही. पत्नी स्वयंपाक करते, घरभर वावरते. अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत पाळीचे किमान पाच दिवस धरतात. पाचव्या दिवशी, सूर्यास्तापूर्वी, ती मऊ पांढऱ्या सुती फडक्याने आतून तपासते. रक्त थांबलेलं असेल, तर पुढे सात ‘स्वच्छ’ दिवस मोजायचे. मोहरीएवढं रक्त दिसलं तरी हे सात दिवस पाळायचे, हा कडक नियम स्त्रियांनी स्वतःहूनच लावून घेतला, असं तालमूद या ज्यू धर्मग्रंथात नोंदलेलं आहे. सातवा दिवस मावळला की मिकवे या स्नानकुंडात बुडी, आणि मग जवळीक.

पाच आणि सात, बारा. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं, म्हणजे वेळ छान जुळते. पण २४ दिवसांनी येत असेल तर ते दहाव्याच्या आसपास सुटतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. मिकवेची रात्र येईपर्यंत संधी गेलेली असते, दर महिन्याला. शरीरात दोष काहीच नसतो!

मला वाटतं, इथे लगेच गोळ्यांकडे धावू नये. आधी फडकं नीट बघावं, कारण त्यावरच्या प्रत्येक डागाने मोजणी लांबत नाही. जखमेतून आलेलं रक्त पाळीचं धरत नाहीत. प्रशिक्षित नर्स ती जखम शोधू शकते. रंगीत कपड्यावरचा डागही मोजत नाहीत, म्हणून अशा अडचणीत रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, या सात दिवसांत नेहमीच्या पांढऱ्याऐवजी रंगीत अंतर्वस्त्रं घालायची मुभा देऊ शकतात. तपकिरी, शंकास्पद डाग रब्बी दिवसाच्या उजेडात पाहून ठरवतात. अनेकींना तो दाखवायची लाज वाटते. त्या स्वतःच दिवस पुन्हा मोजायला लागतात, आणि आठवडा हातचा जातो. जेरुसलेमच्या ‘निश्मत’ संस्थेने या नियमांवर सल्ला देणाऱ्या स्त्री-सल्लागार घडवल्या, त्याचं मोल इथे कळतं. त्यांची पहिली तुकडी १९९९ मध्ये बाहेर पडली.

एवढं करूनही वेळ जुळली नाही, तर काही रब्बी पाचाऐवजी चार दिवसांची मुभा देतात. नाहीतर डॉक्टर पाळीच्या सुरुवातीला इस्ट्रोजेन देऊन बीज सुटणं थोडं पुढे ढकलतात. तेवढे दोन-तीन दिवस पुष्कळदा पुरतात.