मनगटाची सूज अंगावर काढू नका

मराठीत मनगट हा शब्द आपण ताकदीसाठी वापरतो. ‘मनगटात जोर हवा’, ‘मनगटाच्या बळावर संसार उभा केला’ असं सहज म्हणतो. हाताच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून मला मात्र मनगट वेगळं दिसतं. जोर असतो तो कोपराखालच्या मांसल भागात. मनगट ही घाटातल्या खिंडीसारखी अरुंद वाट आहे. चिंचोक्याएवढी-सुपारीएवढी आठ हाडं तिथं दोन ओळींत बसवलेली असतात. स्नायूंचं बळ बोटांपर्यंत नेणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, याच खिंडीतून जातात. मनगटाच्या पाठीमागच्या बाजूला त्यांच्यासाठी सहा कप्पे आहेत. पुढच्या बाजूला एक बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. खिंडीत दरड कोसळली की दोन्हीकडची वाहतूक थांबते. मनगटाचंही तसंच आहे. मनगट बिघडलं की बोटं धडधाकट असूनही हात निकामी होतो.

ही दरड कोसळवणारा एक आजार म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. घरात मात्र सगळ्याच सांधेदुखीला ‘वात’ हा एकच शब्द असतो आणि घोटाळा तिथंच होतो. म्हातारपणी गुडघे दुखतात ती सांध्याची झीज. आमवात म्हणजे झीज नव्हे. आपल्या शरीराची रोगांशी लढणारी संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर हल्ला करते, तो हा आजार. तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. पुण्याजवळच्या भिगवण परिसरात १९९६ मध्ये सांधेदुखीच्या आजारांची घरोघर जाऊन पाहणी सुरू झाली. त्यात प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोनशे माणसांमागे एक असं आढळलं. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत असा रुग्ण असणारच.

हा आजार ओळखायचा कसा? मनगट त्याची खूण लवकर दाखवतं. वयपरत्वे होणारी झीज बहुधा गुडघ्याला, अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांच्या टोकाकडच्या पेरांना होते. मनगटाला पूर्वी काही इजा झालेली नसेल, तर झीज सहसा तिथं जात नाही. म्हणून कुठल्याही माराशिवाय मनगट सुजलं, तेही दोन्ही हातांचं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात. मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही. झिजेचा आखडलेपणा थोड्या हालचालीनं सुटतो. आमवातातला अर्धा-पाऊण तास, कधी दोन तासही टिकतो. घड्याळाचा पट्टा एक भोक पुढं सरकवावा लागतो. नेहमीच्या मापाच्या बांगड्या चढत नाहीत. कणीक मळताना, कपडे पिळताना, कुकरचं झाकण लावताना कळ येते. बायका ही कामं सोडत नाहीत, दात-ओठ खाऊन करत राहतात. आजार लपून राहतो तो त्यामुळंच.

आत काय चाललेलं असतं? प्रत्येक सांध्याला आतून पातळ, मऊ अस्तर असतं. वंगण तयार करणं हे त्याचं काम. आमवातात हे अस्तर सुजतं, जाड होतं आणि एखाद्या वेलीसारखं पसरत जाऊन कूर्चा आणि हाड खाऊ लागतं. मनगटात त्याचे तीन परिणाम होतात. पहिला म्हणजे हाडांना धरून ठेवणारे बंध सैल पडतात. मनगट एकीकडं घसरतं आणि त्याचा तोल सांभाळताना बोटं करंगळीच्या दिशेला कलतात. दुसरा परिणाम मागच्या बाजूला दिसतो. करंगळीकडच्या हाडाचं टोक वर उचललं जातं. बोटानं दाबलं तर पेटीच्या पट्टीसारखं खाली जातं, सोडलं की वर येतं. या खरबरीत टोकावरून बोटं सरळ करणाऱ्या कंडरा रोज घासत राहतात. तिसरा परिणाम पुढच्या बोगद्यात होतो. तिथं सूज आली की मज्जातंतू दबतो. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, झोपमोड होते.

यातल्या दुसऱ्या परिणामाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तो फसवा आहे. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई माझ्याकडं आल्या होत्या. दोन वर्षं मनगट सुजलेलं होतं. दुखण्याच्या गोळीवर काम चालू होतं. एके दिवशी करंगळी सरळ होईना. दुखलं काहीच नाही, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. तीन आठवड्यांनी शेजारचं बोटही पडलं, तेव्हा घरच्यांना वाटलं की वारं गेलं. ते वारं नव्हतं. घासून घासून दोरी तुटावी तशा दोन कंडरा तुटल्या होत्या. ब्रिटिश शल्यविशारद व्हॉन-जॅक्सन यांनी १९४८ मध्ये याचं वर्णन केलं. त्याचा क्रम ठरलेला असतो : आधी करंगळी, मग अनामिका, मग मधलं बोट. बाईंचं हाडाचं टोक आम्ही काढलं आणि दुसऱ्या जागची कंडरा वळवून बोटं उचलती केली. हात कामाला लागला. पण करंगळी पडली त्याच दिवशी त्या आल्या असत्या, तर एकाच बोटावर निभावलं असतं. दोन वर्षं आधी आल्या असत्या, तर कदाचित सुरीची गरजच पडली नसती.

‘पण डॉक्टर, गोळीनं बरं वाटत होतं ना!’ असं त्या म्हणाल्या. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा या एका वाक्यात आहे. दुखणं थांबणं आणि आजार थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखण्याची गोळी कळ मारते, पण अस्तराचं खाणं चालूच राहतं. धुराचा वास येऊ नये म्हणून नाक बंद केल्यासारखं आहे ते. लेबल नसलेल्या पुड्यांपासून तर चार हात दूर राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं अनेकदा उघडकीला आलं आहे. दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं वाटतं. पुढं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो.

सुजलेलं प्रत्येक मनगट आमवाताचंच असतं असं नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा असंख्य लोकांची मनगटं आणि घोटे महिनोन्‌महिने धरले होते. तापानंतरची अशी सांधेदुखी बहुतेकांची हळूहळू ओसरते. म्हणून साधा नियम सांगतो : सूज आणि सकाळचा आखडलेपणा सहा आठवड्यांहून अधिक टिकला, तर तपासणी करून घ्यावीच. रक्तात ‘आर ए फॅक्टर’ आणि ‘अँटी-सीसीपी’ या तपासण्या करतात. मात्र चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाचा आर ए फॅक्टर आजार असूनही निगेटिव्ह येतो आणि काही निरोगी माणसांचा पॉझिटिव्ह येतो. कागदापेक्षा सांध्यावर हात ठेवून पाहणारा डॉक्टर महत्त्वाचा. सुरुवातीला क्ष-किरण चित्रही स्वच्छ असू शकतं. ते स्वच्छ असतानाच उपचार सुरू व्हावेत, हेच तर आपल्याला हवं असतं.

पूर्वी या आजाराला खात्रीचा उपाय नव्हता. फ्रान्समधल्या जाक फोरेस्तिए यांनी १९२९ मध्ये सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं वापरायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये कॉर्टिझोन दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं. पण त्या औषधाचे दुष्परिणाम लवकरच दिसले. १९६७ मध्ये मानवी हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण करणारे दक्षिण आफ्रिकेचे डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनाही हा आजार होता. हातांच्या सांध्यांनी साथ सोडल्यामुळं १९८३ मध्ये त्यांना शस्त्रक्रियेतून निवृत्त व्हावं लागलं. जगातल्या निष्णात हातांची ही कथा, तर बाकीच्यांचं काय!

चित्र पालटलं ते मेथोट्रेक्सेटमुळं. १९८८ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली आणि आज जगभर पहिलं औषध म्हणून बहुधा तेच देतात. ते भारतात बनतं आणि स्वस्त आहे. ते दुखणं मारत नाही, आजाराच्या मुळाला हात घालतं. त्यामुळं परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर धीर सुटू द्यायचा नाही. एक गोष्ट मात्र लाल शाईनं लिहून ठेवा. ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. रोज घेतली, तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून घ्या आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. सोबत फॉलिक ॲसिड देतात. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरावीक काळानं करावी लागते. दारू टाळावी लागते. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावं लागतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार अधिक होतो आणि अधिक त्रास देतो, हेही लक्षात ठेवा.

एवढ्यानं भागलं नाही, तर सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड ही जोडीची औषधं आहेत. १९९८ पासून ‘बायॉलॉजिक’ इंजेक्शनं आली आणि २०१२ पासून टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. यांनी संरक्षण यंत्रणा मंदावते. म्हणून आपल्यासारख्या देशात ती देण्यापूर्वी छातीत दडून बसलेला क्षयरोग नाही ना, हे पाहावंच लागतं.

औषधं आतून काम करतात, तेव्हा मनगट आपण बाहेरून जपायचं. सूज जास्त असताना मनगटाला आधार देणारा पट्टा वापरावा. पण चोवीस तास नको, नाहीतर सांधा आखडतो. सूज उतरली की व्यायाम हवाच. ब्रिटनमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हातांचे ताण देणारे आणि जोर वाढवणारे व्यायाम शिकवून करून घेतलेल्या रुग्णांचे हात वर्षभरानंतरही अधिक चांगलं काम करत होते आणि दुखणंही वाढलं नव्हतं. स्वयंपाकघरात थोडे बदल करा. भरलेलं पातेलं एका हातानं सांडशीनं उचलू नका, दोन्ही हातांनी धरा. बरणीचं झाकण बोटांनी नव्हे, तळहातानं फिरवा. कपडे पिळण्याऐवजी नळाला वेढा देऊन पाणी काढा किंवा तसेच निथळू द्या. लाटणं, उलथनं, झाडू यांच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा. पिशवी मुठीत न धरता कोपरात किंवा खांद्यावर अडकवा. आणि घरच्या पुरुषांना माझी विनंती : कणीक मळायला शिका. औषधाइतकाच त्याचाही उपयोग होतो.

आता माझ्या कामाबद्दल. औषधं सुधारल्यापासून मनगटाच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या आहेत, याचा मला आनंदच आहे. तरी काहींना त्या लागतात. औषधांना दाद न देणारं सुजलेलं अस्तर काढून टाकता येतं. दबलेला मज्जातंतू मोकळा करता येतो. कंडरांना घासणारं हाडाचं टोक काढता येतं. सांधा पुरता मोडला असेल, तर पट्टी किंवा सळई बसवून मनगट कायमचं जखडतात. हे ऐकून रुग्ण घाबरतात. खरं तर जखडलेलं मनगट वर-खाली वाकत नसलं, तरी तळहात पालथा-उताणा करता येतो, पकड मजबूत होते आणि मुख्य म्हणजे दुखणं जातं. दोन्ही मनगटं बिघडली असतील, तर स्वच्छतेच्या कामांसाठी एक वाकतं राहील असा प्रयत्न आम्ही करतो. कृत्रिम सांधाही निवडक रुग्णांना बसवतात, पण जड काम करणाऱ्या हाताला तो मानवत नाही. बोटं वाकडी झाली असली, तरी आधी सहसा मनगटच सरळ करतो. पाया कललेला असताना भिंत रंगवून काय उपयोग? आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी मानेचा क्ष-किरण काढायला सांगितला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. हा आजार मानेच्या मणक्यांनाही सैल करतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते ठाऊक असावं लागतं.

संधिवाताचे तज्ज्ञ आज मोठ्या शहरांत आहेत. जिथं नाहीत, तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मेडिसिन विभाग हे उपचार सुरू करू शकतो. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले, तर बहुतेकांचा आजार आटोक्यात ठेवता येतो. हाड खाल्लं गेल्यावर कुठलंही औषध ते परत आणत नाही. तेव्हा तुमच्या आईनं, बहिणीनं, बायकोनं मनगट चोळत ‘काही नाही गं, सकाळी जरा धरतं’ असं म्हटलं, तर तिला विचारा : किती दिवस झाले? उत्तर सहा आठवड्यांच्या पुढचं आलं, तर या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडं घेऊन जा.